'फडणीस' शब्दाची व्युत्पत्ति

फारसींत 'फर्द' म्हणजे कागदाचा ताव अथवा याद, व 'नवीस' म्हणजे लिहिणारा. फर्दनवीस, फडनवीस, फडणीस हा क्रम आम्हांस ग्राह्य वाटतो. कचेरीवाचक 'फड' शब्दाच्या सादृश्यानें 'र्द'चा 'ड' होणें सुलभ झालें असावें. चिटणीस, पारसनीस यांतील 'नीस' हाच.

अर्थात् हें मूळचें हुद्द्याचें नांव. तासगांवकर परशुरामभाऊ पटवर्धन (मृत्यु १७९९) यांच्या काळच्या पत्रांत येणारे नाना फडणीस हे बाळाजी जनार्दन भानु. त्यांचें कुलनाम भानु, फडणिशी हा अधिकार. सबब कागदावर 'फडणीस' दिसतांच तो त्या आडनांवाच्या घराण्याच्या दप्तरांत घालूं नये. मिति, शिक्का व पितृनाम ताडून पाहावें, मगच नोंद करावी, अशी संग्राहकांस आमची विनंति आहे.