धानाच्या बांधीतलं पक्ष्यांचं पंचांग

पक्षी पाहायचे तर जंगलच गाठायला हवं, हा समज भंडारा जिल्ह्यात टिकत नाही. लाखनी, साकोली, लाखांदूर, कुठल्याही वाटेने निघा. धानाच्या बांध्या संपतात तिथे तलाव किंवा बोडी सुरू होते. गोंड राजवटीत कोहळी समाजाने बांधलेले हे तलाव आज सरकारदरबारी ‘माजी मालगुजारी’, म्हणजे मामा तलाव म्हणून ओळखले जातात. माणसाने ओलितासाठी उभी केलेली ही व्यवस्था पक्ष्यांनी पूर्णपणे आपली मानली आहे. म्हणूनच इथे पक्ष्यांचं वेळापत्रक समजून घ्यायचं तर आधी धानाचं समजून घ्यावं लागतं.

मृगाच्या सुमारास चातक येतो आणि कोका अभयारण्यात नवरंगाची दोन सुरांची शीळ ऐकू येऊ लागते. पऱ्हे वाढतात, चिखलणी होते, रोवणीच्या बाया बांधीत उतरतात. उकरलेल्या चिखलातले किडे टिपत गायबगळे मागोमाग फिरतात. मुग्धबलाकाचं लक्ष मात्र गोगलगायींवर असतं. मिटली तरी मधे फट राहणारी त्याची चोच शंखातलं मांस काढण्यात पटाईत.

पण पावसाळ्याचा खरा मानकरी सारस. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच, जवळपास माणसाएवढा. महाराष्ट्रात तो आता मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याच्या धानपट्ट्यातच उरला आहे. भंडाऱ्याच्या वाट्याला तर बोटांवर मोजण्याइतकेच. उथळ पाण्यात गवताचा ढीग रचून मादी बहुधा दोन अंडी घालते आणि नर-मादी आळीपाळीने सुमारे महिनाभर ती उबवतात. हे घरटं कित्येकदा उभ्या धानातच असतं. थोडं पीक तुडवलं जातं, तेवढं शेतकऱ्याने सोसलं तरच पिल्लं बाहेर पडतात. अंड्यांची चोरी, कीटकनाशकं आणि शेतावरून गेलेल्या विजेच्या तारा हे सारसाचे मोठे वैरी. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही सारसाच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. माझ्या मते मात्र या पक्ष्याचं भवितव्य सर्वांत आधी बांधीच्या धुऱ्यावर ठरतं. घरटं राखणाऱ्या शेतकऱ्याला नुकसानभरपाई वेळेवर आणि सन्मानाने मिळायलाच हवी.

याच दिवसांत तलावात कमळपक्ष्याचा संसार चालतो. लांब बोटांमुळे तो तरंगत्या पानांवरून सहज चालतो. मादी अंडी घालून दुसऱ्या नराकडे निघून जाते. उबवणं आणि पिल्लांची राखण नराकडेच.

धान कापून कडपा पडल्या, ओलीवर लाखोळीचं पीक वर आलं, की थंडीचे पाहुणे उतरतात. तलवार बदक, लालसरी, चक्रवाक. मध्य आशियातून हिमालय ओलांडून येणारा पट्टकदंब सात हजार मीटरहून अधिक उंचीवर उडाल्याची नोंद आहे. प्रत्येकाची खाण्याची जागा वेगळी. तलवार बदक शेपूट वर करून उथळ पाण्यात डोकं बुडवतं, लालसरी बुडी मारून खोलातल्या वनस्पती खाते. त्यामुळे तलावात काठाचा उतार, खोल पाणी आणि तळाच्या वनस्पती असं सगळंच लागतं. नुसतं पाणी पुरत नाही.

तलावाची ही गरज जाणणारी माणसं इथे आहेत. अरण्यलेखक मारुती चितमपल्ली नवेगावबांधला वनाधिकारी होते. तेव्हा नवेगावबांध अखंड भंडारा जिल्ह्यातच होतं. गोंदिया वेगळा झाला १९९९ साली. नवेगावबांधच्या माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या जाणकारांकडून चितमपल्ली रान आणि पाणी शिकले. ती शहाणीव आजही मासेमारी करणाऱ्या ढिवरांकडे आहे. कुठल्या गवतात कुठला मासा अंडी घालतो आणि त्यावर कुठला पक्षी येतो, हे त्यांना ठाऊक असतं.

तलाव गाळाने भरले, काठाने बेशरमाची झुडपं माजली, तशा तळाच्या वनस्पती गेल्या. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांना, विशेषतः त्यांच्या बायांना, सोबत घेऊन यावर काम केलं. बेशरम उपटली, उन्हाळ्यात उघडा पडलेला तळ नांगरला, पावसात पाणी चढू लागताच स्थानिक पाणवनस्पती लावल्या. अशा तलावांत देशी मासे वाढले आणि त्यांच्यामागे पक्षीही आले. तेव्हा दुर्बीण घेऊन डिसेंबरात येणाऱ्यांनी एकदा मे महिन्यातही यावं. हिवाळ्यात या पाण्यावर किती पक्षी उतरणार, ते त्या कोरड्या तळात काय चाललंय यावर ठरतं.