पावसाळ्यात कोंबड्यांच्या धूलिस्नानाची सोय

परसातील कोंबडी उन्हाळ्यात झाडाखाली खळगा करून कोरडी माती अंगावर उडवून घेते, हे सर्वांच्या पाहण्यातील आहे. हा केवळ खेळ नव्हे. पिसांवरील जादा तेलकटपणा ती या मातीनेच काढते व अंगावरील उवांचाही त्यायोगे बऱ्याच अंशी नाश होतो. परंतु मृगाचा पाऊस सुरू झाला की अंगणात चिखल होतो, आणि कोंबडीस कोरडी माती मिळेनाशी होते.

याचा फटका खुडूक कोंबडीस विशेष बसतो. ती २१ दिवस अंड्यांवर बसते. उवांची एक पिढी तयार होण्यास सुमारे तेवढाच काळ पुरतो. उवांनी बेजार झालेली कोंबडी अंडी सोडून उठते. पिले निघालीच तर उवा त्यांच्या अंगावर जातात आणि अशक्त पिले दगावतात.

मिश्रण व जागा : वैशाखातच कोरडी, भुसभुशीत माती चाळून पोत्यांत भरून ठेवावी. काळी माती ओल धरून चिकटते, म्हणून पोयट्याची माती घ्यावी. दोन भाग माती, एक भाग बारीक वाळू व एक भाग चुलीतील लाकडाची चाळलेली, पूर्ण थंड झालेली राख असे मिश्रण करावे. प्लॅस्टिक किंवा रंगविलेले लाकूड जाळलेली राख घेऊ नये. चुनाही मिसळू नये. त्याने कातडी व डोळे भाजतात. सुमारे ६० सें. मी. लांबरुंद खोक्यात हे मिश्रण वीतभर भरून, जेथे पावसाची झड येत नाही अशा पडवीत ठेवावे. विष्ठा रोज काढावी. मिश्रण ओले झाल्यास लगेच बदलावे, कारण ओली राख कातडीस झोंबते. खुडूक कोंबडी दाण्यासाठी दिवसातून एकदा उठते, म्हणून खोके तिच्या जवळच असावे.

उवा फार झाल्यास : मिश्रणात एक-दोन मुठी गंधकाची भुकटी घालावी. कॅलिफोर्नियातील प्रयोगांत (२०१२) वाळूत गंधक मिसळल्याने उवांचा उत्तम बंदोबस्त झाला. पूर्वी बी. एच. सी. भुकटी चोळीत असत. तिच्यावर भारतात १९९७ पासून बंदी आहे. पिकांवरील कीटकनाशके कोंबडीस कदापि लावू नयेत. त्यांचा अंश अंड्यांत उतरतो.

धूलिस्नानाने गोचीड मात्र जात नाहीत. ते दिवसा खुराड्याच्या फटींत लपतात व रात्री रक्त पितात. त्यासाठी फटींत उकळते पाणी ओतावे आणि खुराडे वाळल्यावर त्या लिंपून बंद कराव्यात.

ग्रामसेवकांनी पावसाळ्यापूर्वीच्या भेटीत कोंबडीच्या पंखांखालील व गुदद्वाराभोवतालची पिसे उलटून दाखवावीत. पिसांच्या बुडाशी लिखांचे पांढरे पुंजके दिसल्यास खुडूक कोंबडी अंड्यांवर बसविण्यापूर्वीच उपाय योजावा.