फळांचे शुष्कन : घरच्या ओव्हनपासून सौर वाळवणयंत्रापर्यंत

फळांच्या उत्पादनात जगामध्ये चीनच्या खालोखाल भारताचा क्रमांक लागतो. तथापि, पिकलेले सर्वच फळ ग्राहकापर्यंत पोहोचत नाही. केंद्रीय अन्न प्रक्रिया उद्योग मंत्रालयासाठी करण्यात आलेल्या व २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार फळांची काढणीपश्चात हानी ६.०२ ते १५.०५ टक्के असून पेरूमध्ये ती सर्वाधिक आढळली. फळ नासते ते मुख्यत्वे त्यातील पाण्यामुळे. हे पाणी काढून टाकणे हा हानी टाळण्याचा फार जुना उपाय होय. मात्र पाणी काढणे जितके सोपे, तितकेच ते योग्य गतीने काढणे आणि पुन्हा आत शिरू न देणे अवघड असते. घरच्या ओव्हनमध्ये सफरचंदाच्या कुरकुरीत चकत्या करून पाहिल्यास या प्रश्नाच्या बहुतेक सर्व बाजू ध्यानात येतात.

ओव्हनमधील कृती

घट्ट, फार न पिकलेली सफरचंदे धुऊन त्यांच्या २ ते ३ मिलिमीटर जाडीच्या सारख्या चकत्या कापाव्यात. चकत्या कमीजास्त जाडीच्या असल्यास पातळ करपतात व जाड ओल्या राहतात. कापलेल्या फळातील विकरांचा हवेतील ऑक्सिजनशी संबंध येऊन फळ तपकिरी पडते. ते टाळण्यासाठी चकत्या दहा मिनिटे लिंबूपाण्यात ठेवाव्यात. नंतर त्या पुसून, बटर पेपर घातलेल्या तबकात एकमेकींना न चिकटतील अशा मांडाव्यात. सुमारे ९० ते १०० अंश सेल्सिअस तापमानात दीड ते दोन तास ठेवून मध्येच एकदा उलटाव्यात. बाहेर पडणाऱ्या वाफेला वाट मिळावी म्हणून ओव्हनचे दार अधूनमधून किंचित उघडावे.

वेळ वाचविण्यासाठी तापमान वाढविण्याचा मोह होतो. परंतु प्रारंभीच उष्णता जास्त दिल्यास पृष्ठभाग लवकर कडक होतो व आतील ओलावा कोंडून राहतो. अशी चकती बाहेरून वाळलेली दिसते. पण डब्यात भरल्यावर आतील ओलावा सर्वत्र पसरून ती मऊ पडते व तिला बुरशी लागण्याची शक्यता राहते.

टिकणे वेगळे, कुरकुरीत असणे वेगळे

अन्नातील एकूण पाण्यापेक्षा जिवाणू व बुरशी यांना वापरता येईल असे मोकळे पाणी किती, हे अधिक महत्त्वाचे असते. त्याच्या मापास जलसक्रियता म्हणतात. शुद्ध पाण्याची जलसक्रियता १ मानली जाते. ती ०.६ च्या खाली गेल्यास सूक्ष्मजीवांची वाढ होत नाही. बेदाण्यात सुमारे १५ टक्के ओलावा असूनही तो टिकतो, याचे कारण त्यातील साखरेने बरेचसे पाणी बांधून ठेवलेले असते. कुरकुरीतपणासाठी मात्र ओलावा याहून पुष्कळ कमी, साधारणत: ५ टक्क्यांच्या आत आणावा लागतो.

ओव्हनमधून नुकतीच काढलेली चकती मऊ लागते, म्हणून ती कच्ची समजू नये. गरम असताना फळातील साखर लवचीक असते. थंड होताना ती काचेसारखी ताठर होते व चकती कुरकुरीत बनते. हवेतील बाष्प शोषले गेले की ही ताठर अवस्था मोडते. पावसाळ्यात कोकणात किंवा केरळात उघडी राहिलेली चकती थोड्याच वेळात वातड होते ती यामुळेच. पूर्ण थंड झाल्यावर लगेच हवाबंद डब्यात भरणे हा कृतीचाच एक भाग मानला पाहिजे.

पाण्याचा आणि पैशाचा हिशेब

एक किलो सफरचंदात सुमारे ८५० ग्रॅम पाणी व १५० ग्रॅम घन भाग असतो. ओलावा ५ टक्क्यांवर आणल्यास सुमारे १५८ ग्रॅम चकत्या मिळतात. याचाच अर्थ, एक किलो चकत्यांसाठी सहा किलोंहून अधिक फळ लागते. फळ २० रुपये किलो दराने घेतले, तरी फळाचाच खर्च १२५ रुपयांच्या पुढे जातो. म्हणून बाजारातील उत्तम प्रतीच्या फळापेक्षा आकार किंवा डाग यांमुळे प्रतवारीत मागे पडलेले, परंतु न सडलेले फळ या प्रक्रियेसाठी योग्य ठरते. शेतकऱ्याचा खरा लाभ येथेच आहे.

दुसरा खर्च ऊर्जेचा. एक किलो फळातील सुमारे ८४० ग्रॅम पाण्याची वाफ करण्यास अप्रकट उष्म्याच्या हिशेबाने सुमारे १,९०० किलोज्यूल, म्हणजे अर्ध्या युनिटहून थोडी अधिक वीज पुरेशी असावी. प्रत्यक्षात घरच्या ओव्हनला याच्या कितीतरी पट वीज लागते. कारण तबकात चकत्या थोड्या मावतात आणि पुष्कळ उष्णता वाफेबरोबर व भिंतींमधून बाहेर जाते. घरच्या खाऊसाठी हे चालेल, व्यवसायासाठी परवडणारे नाही.

देशातील अनुभव

ऊर्जेचा हा प्रश्न आपल्याकडे निसर्गाच्या साहाय्याने सोडविण्यात आला आहे. लडाखच्या कोरड्या हवेत जर्दाळू उन्हात वाळविले जातात. सांगली जिल्ह्यातील तासगाव परिसरात द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट व विशिष्ट तेलाच्या द्रावणात बुडवून, सावलीच्या शेडमध्ये जाळ्यांवर पसरली जातात. द्रावणामुळे सालीवरील मेणाचा थर सैल होऊन पाणी लवकर बाहेर पडते. केरळमधील केळ्याच्या वेफर्सना कुरकुरीतपणा येतो तो तळण्यामुळे. तेथे निघून गेलेल्या पाण्याची जागा काही प्रमाणात तेल घेते.

उघड्यावरील वाळवणात धूळ, माश्या व अवकाळी पाऊस यांचा धोका असतो. सौर वाळवणयंत्रात पारदर्शक आच्छादनाखाली काळा पृष्ठभाग तापतो व गरम, कोरडी हवा बंदिस्त तबकांवरून वाहते. त्यामुळे इंधनखर्च घटतो आणि स्वच्छताही राखली जाते. ढगाळ दिवसांसाठी मात्र पूरक उष्णतेची सोय हवी.

जून २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत वैयक्तिक उद्योगांना प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत कर्जसंलग्न अनुदानाची, तर स्वयंसहायता गटांतील सदस्यांना प्रत्येकी ४० हजार रुपयांपर्यंत बीजभांडवलाची तरतूद करण्यात आली. विक्रीसाठी अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ अन्वये नोंदणी किंवा परवाना आवश्यक असतो.

मर्यादांचे भान

वाळलेले फळ म्हणजे ताज्या फळाचा पूर्ण पर्याय नव्हे. उष्णतेने क जीवनसत्त्व बऱ्याच अंशी नष्ट होते. तंतुमय भाग व खनिजे टिकतात. साखरही टिकते व थोड्या वजनात एकवटते. मूठभर चकत्या खाताना आपण प्रत्यक्षात किती फळ खात आहोत, याचे भान मधुमेहींनी विशेष ठेवावे.

अनुदान यंत्र मिळवून देऊ शकते. परंतु चकतीची जाडी, तापमान, ओलावा आणि वेष्टन यांवर रोज लक्ष ठेवण्याचे काम ते करू शकत नाही. तेच कौशल्य बचत गटातील महिलांच्या व शेतकऱ्यांच्या हाती आले, तर प्रतवारीत मागे पडलेल्या फळालाही दाम मिळेल.