पिनहोल कॅमेऱ्याची मोठी निगेटिव्ह स्कॅन करायचीय? मग आधी डीपीआय कमी करा!

शाळेत सूचिछिद्र प्रतिमाग्राहक बहुतेकांनी बनवलेला असतो. बुटाचा खोका, टाचणीनं पाडलेलं भोक, पलीकडे बटर पेपर आणि त्यावर उलटी मेणबत्ती. बटर पेपरच्या जागी फिल्म लावली की झाला पिनहोल कॅमेरा. लेन्स लागतच नाही.

हौशी मंडळी यात ४ बाय ५ इंचाची रंगीत शीट फिल्म वापरतात. एका शीटवर एकच फोटो, त्यामुळे प्रत्येक चूक महागात पडते. आणि बऱ्याच चुका फोटो काढताना नाही, तर स्कॅन करताना होतात.

समजा, जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याला जुन्या मंदिरांजवळचा नक्षीदार दगडी स्तंभ टिपायचाय. फिल्म भोकापासून १५० मिमीवर, भोक अर्ध्या मिलिमीटरचं. म्हणजे अ‍ॅपर्चर एफ/३००. १६० आयएसओच्या फिल्मला भर उन्हात दोन-अडीच सेकंद पुरतात, मंदिराच्या आत मात्र कित्येक मिनिटं लागू शकतात.

आता ही निगेटिव्ह स्कॅनरवर ठेवली की पहिला मोह होतो तो २४०० डीपीआयचा. फिल्म एवढी मोठी आहे, तर सगळं काढून घेऊ! पण या कॅमेऱ्यात स्तंभावरचा प्रत्येक बिंदू फिल्मवर साधारण अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका होऊन उमटतो. १२५ मिमी लांबीच्या फिल्मवर असे जेमतेम २५० ठिपके मावतात. भोक आणखी बारीक केलं तरी फायदा नाही, कारण मग प्रकाश कडांवरून पसरतो आणि चित्र पुन्हा धूसर होतं.

थोडक्यात, नक्षीचा जो तपशील फिल्मवर आलाच नाही, तो स्कॅनर कुठून आणणार? २४०० डीपीआयला ४८ बिटची फाइल जवळपास ७०० एमबीची होते. ६०० डीपीआयला तीच साधारण ४३ एमबी, आणि तपशील तेवढाच. बिट मात्र कमी करू नका. खरी कसरत रंगांची असते आणि तिथे ते लागतात.

रंगीत निगेटिव्ह मुळातच नारिंगी असते. नुसती उलटी केली तर फोटो निळसर येतो. यावर उपाय फिल्मच्या कडेलाच असतो. होल्डरखाली झाकलेल्या, प्रकाश न लागलेल्या पट्टीवर फक्त तो नारिंगी रंग असतो. ही पट्टी स्कॅनमध्ये ठेवा, लाल, हिरवा आणि निळा या तिन्ही चॅनेलचा काळा बिंदू तिच्यावरून ठरवा आणि मगच क्रॉप करा. ऑटो करेक्शन बंदच बरं. पिनहोलच्या फोटोत कोपरे काळवंडलेले असतात (फिल्म ९० मिमीवर असेल तर तिथे मध्याच्या एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो), त्यामुळे ऑटोचा अंदाज चुकतो. लांब एक्स्पोजरमध्ये फिल्मचे रंगथर कमी-जास्त थकतात. ती झाक शेवटी हातानंच काढावी लागते.

ऑफिसमधला कागदांचा स्कॅनर इथे चालत नाही. निगेटिव्हच्या आरपार प्रकाश जावा लागतो, त्यासाठी झाकणात दिवा असलेला एप्सन व्ही८५० सारखा फ्लॅटबेड हवा. तो नसेल तर टॅबलेटचा पांढरा स्क्रीन लावा, निगेटिव्ह त्याच्यापासून चार-पाच सेंटीमीटर वर धरा म्हणजे पिक्सेलची जाळी दिसणार नाही, आणि वरून कॅमेऱ्यानं फोटो घ्या. फिल्म थेट काचेवर ठेवत असाल तर चकचकीत बाजू वर ठेवा, नाहीतर इंद्रधनुषी वलयं उमटतात. नंतर चित्र आडवं पलटवायला विसरू नका.

आणि धूळ! तयार फोटोत पांढरे ठिपके दिसले तर ती स्कॅन करतानाची धूळ. फिल्म पुसून पुन्हा स्कॅन करा. ठिपके काळे असतील, तर धूळ खोक्यातच होती आणि फोटो काढतानाच तिची सावली फिल्मवर पडली. ती स्कॅनरच्या इन्फ्रारेड सफाईनंही जात नाही, कारण आता पुसायला तिथे काहीच उरलेलं नसतं. पुढची शीट भरण्याआधी खोका आतून ओल्या फडक्यानं पुसून, पूर्ण वाळवून घ्या.