तारेवरची गुठळी

कुत्र्याच्या हृदयात वरच्या कप्प्यातला विजेचा संदेश खालच्या कप्प्यात पोचेनासा झाला, की मिनिटाला ६० ते १४० पडणारे ठोके ३०-४० वर येतात. चालता चालता कुत्रा कोसळतो. गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. खरा इलाज पेसमेकरचा. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने कुत्र्यावरील अशा उपचाराची नोंद १९६८ साली प्रसिद्ध केली. भारतात डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीत खुशी या कॉकर स्पॅनियलला पेसमेकर बसवला गेला; तिचे ठोके २० पर्यंत उतरले होते.

यासाठी बहुधा छाती उघडावी लागत नाही. मानेच्या शिरेतून एक तार उजव्या बाजूच्या खालच्या कप्प्यापर्यंत सरकवतात आणि यंत्र मानेच्या कातडीखाली ठेवतात. सोय मोठी, पण ती तार कायम वाहत्या रक्तात राहते. शिरेच्या अस्तराला इजा, मंदावलेला प्रवाह आणि रक्ताचा गोठण्याकडे वाढलेला कल, ही गुठळीची तीन कारणे. पहिल्या दोहोंना तार एकटीच पुरेशी ठरते. एकाहून अधिक तारा असतील तर धोका आणखी वाढतो. तिसऱ्याला कुशिंगचा आजार, लघवीतून प्रथिने जाणारा मूत्रपिंडाचा विकार किंवा तारेवरचा जंतुसंसर्ग हातभार लावतो.

तारेवर जमणारा पातळ थर बहुतेकदा निरुपद्रवी असतो. गुठळी वाढून हृदयाकडे येणारी महाशीर तुंबली, तर मात्र तोंड, मान आणि पुढचे पाय सुजतात, छातीत द्रव साचतो. तुकडा सुटून फुप्फुसात गेला तर एकाएकी धाप लागते. सुजलेले तोंड पाहून काहीतरी चावले असेल, असे घरच्यांना वाटू शकते. घात होतो तो इथेच.

निदान सोनोग्राफी आणि सीटी स्कॅनने होते. क्लोपिडोग्रेल, हेपारिन, रिव्हरोक्सबॅन ही औषधे गुठळी वाढू देत नाहीत. शीर फारच अरुंद झाली तर फुग्याने रुंदावतात किंवा स्टेंट घालतात. तेही जमले नाही, तर नवी तार हृदयाच्या बाहेरून टाचतात.

पनवेलसारख्या दमट भागात एक अडचण आणखी. गोचिडांमुळे होणाऱ्या एर्लिकिओसिस या आजारात प्लेटलेट घटतात. अशा वेळी रक्त पातळ करणारी गोळी रक्तस्रावाला निमंत्रण ठरते. म्हणून औषधाआधी रक्ततपासणी हवीच, आणि गोचिडांचा बंदोबस्त बारमाही. पेसमेकर असलेल्या कुत्र्याला गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा घालावा, तपासणीचे रक्त मानेतून न घेता पायातून घ्यायला सांगावे आणि तोंड सुजलेले दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.