टेंट बुक केला म्हणजे परवाना मिळाला का? कास, वासोटा, चांदोलीच्या तिकिटांचं गणित समजून घ्या

मोबाइलवर ‘कोयना कॅम्पिंग’ शोधलं की शिवसागरच्या काठावरच्या टेंटच्या जाहिराती धडाधड समोर येतात. पैसे भरले, कन्फर्मेशन आलं, की अनेकांना वाटतं जंगलात जायची सोय झाली. पण बामणोली, तापोळा परिसरातला टेंट हा खासगी मुक्काम आहे. त्याचा वन विभागाच्या परवान्याशी संबंध नसतो.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २८ नुसार अभयारण्यात पर्यटनासाठी जायला परवाना आणि ठरलेलं शुल्क लागतं. हेच कलम राष्ट्रीय उद्यानालाही लागू आहे. म्हणजे गेटवरची पावती हा नुसता प्रवेशकर नाही, ती कायदेशीर परवानगी आहे. आग पेटवायला बंदीही याच कायद्यात आहे, त्यामुळे आत शेकोटीचा विषयच नको.

वासोट्याला जाणाऱ्यांची सर्वाधिक गल्लत होते. किल्ला कोयना अभयारण्यात आहे. बामणोलीहून जायचं तर खर्चाचे दोन भाग पडतात, वन विभागाचं शुल्क आणि बोटीचं भाडं. शुल्क माणशी, भाडं मात्र बोटीमागे. त्यामुळे दोघंच गेलात तर खिशाला चाट बसते, दहा जणांच्या ग्रुपला तीच सहल परवडते. ओळखपत्र जवळ ठेवा आणि सकाळी लवकर पोहोचा, कारण संध्याकाळच्या आत परतावंच लागतं. गडावर मुक्कामाला परवानगी नाही. ‘वासोटा नाइट कॅम्प’ असं कुणी विकत असेल, तर टेंट नक्की कुठल्या गावात आहे, हे आधी विचारा.

कास याच रस्त्यावर, साताऱ्यापासून साधारण २५ किलोमीटरवर. पण कास राष्ट्रीय उद्यानही नाही आणि अभयारण्यही नाही. पश्चिम घाटातल्या ज्या जागांना २०१२ मध्ये युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला, त्यांपैकी हे एक पठार. फुलांच्या हंगामात इथलं शुल्क स्थानिक गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीमार्फत घेतलं जातं. गेल्या काही हंगामांत ते माणशी शंभर-दीडशे रुपयांच्या घरात होतं. दिवसाला किती पर्यटक सोडायचे, यावर मर्यादा असते. म्हणून शनिवार-रविवारसाठी ऑनलाइन बुकिंग केलेलं बरं.

आता मेख बघा. फुलं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बहरतात, तर वासोटा पावसाळ्यात, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, बंद असतो. एकाच वीकेंडला दोन्ही उरकायचा बेत बहुतेक वेळा इथंच फसतो.

चांदोलीत काय वेगळं?

सांगलीकरांचं चांदोली हे मात्र खरोखर राष्ट्रीय उद्यान, २००४ पासून. क्षेत्र ३१७.६७ चौरस किलोमीटर, सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांत पसरलेलं. २०१० मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबातून आणलेली वाघीण इथं सोडण्यात आली, तेव्हापासून शिराळ्याच्या वाटेवर चौकशी वाढली तर नवल नाही.

चांदोलीत जाताना फक्त माणशी प्रवेश शुल्काचा हिशेब धरू नका. वाहन, गाइड आणि कॅमेरा यांचे पैसे त्यात वेगळे मिळतात आणि एकूण आकडा बराच फुगतो. दर बदलत असल्यानं व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या जुन्या फोटोवर विसंबू नका. जाण्याआधी वन विभागाकडं विचारा. आणि अहो, चांदोलीलाही पावसाळ्याची सुट्टी असतेच.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून ८० डॉलरच्या वार्षिक पासबद्दल ऐकलं असेल. तो तिथल्या रहिवाशांना देशभरातल्या राष्ट्रीय उद्यानांत चालतो. आपल्याकडं तसा पास नाही. कासची पावती बामणोलीत चालत नाही, बामणोलीची चांदोलीत नाही. कडेगाव-पलूसकडच्या १०.८७ चौरस किलोमीटरच्या सागरेश्वर अभयारण्यातली हरणं पाहायची, तर तिथंही नवी पावती. कुटुंबाला एका दिवसासाठी न्यायचं असेल आणि बोट, जीप यांचा खर्च नको असेल, तर सागरेश्वरच बरं.