गावपातळीवरची मानसिक आरोग्यसेवा आणि परिचारिका

हिंगोली–वाशीम रस्त्यावरचे कनेरगाव नाका हे हिंगोली जिल्ह्याच्या सीमेवरील गाव. राज्यातील चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीत आहेत. मराठवाड्यात त्यांतले एकही नाही. त्यामुळे अशा गावांत उपचार टिकवण्याचा भार मुख्यतः परिचारिकेवर येतो. १९९६ साली सुरू झालेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात मनोविकारतज्ज्ञासोबत मनोविकार परिचारिका आणि समुदाय परिचारिका यांची पदे आहेत. गोळ्यांचे दुष्परिणाम ओळखणे, घरच्यांना समजावणे आणि औषध सोडलेल्या रुग्णाचा माग काढणे ही त्यांची कामे. शेवटचे सर्वांत मोलाचे, कारण स्किझोफ्रेनियात बरे वाटताच गोळ्या थांबवल्या, की आजार बहुधा उलटतो. मराठवाडा-विदर्भातील शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांसाठी २०१५ मध्ये आलेल्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात हिंगोलीचाही समावेश झाला. त्यात घरोघरच्या पाहणीचे काम आशा सेविकांकडे आले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने राज्य प्राधिकरणावर किमान १५ वर्षे अनुभवाच्या मानसिक आरोग्य परिचारिकेला सदस्यत्व दिले. हा मान फार उशिरा मिळाला. मोफत समुपदेशनासाठी ‘टेलिमानस’चा क्रमांक १४४१६ दिवसरात्र सुरू असतो.